गाठ वाढणं वेगळं, आजार पसरणं वेगळं

मिरजेत दवाखान्यांच्या भागातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर थोडा वेळ बसलं की हा संवाद कानावर येतोच. "मामा, गाठ तर हरभऱ्याएवढी हुती, मग मानंत कशी गेली?" मामांचं उत्तरही ठरलेलं : "सुई लावली न्हवं, तिथंच पसरला बघ." जतपासून, कवठेमहांकाळपासून माणसं इथं येतात, रिपोर्टची पिशवी मांडीवर असते, आणि गाठ जेवढी मोठी तेवढा आजार मोठा असं मनात पक्कं धरलेलं असतं.

ते निम्मंच खरं आहे. कॅन्सरमध्ये वाढणं आणि पसरणं ही पेशीची दोन निराळी कामं आहेत. एक जमलं म्हणून दुसरं जमेलच असं नाही.

वाढायला विभाजनावरचा लगाम सुटला की पुरतं. एकीच्या दोन, दोनाच्या चार. तोंड, स्तन, आतडं यांच्या अस्तरातल्या पेशी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनानं एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि खाली एक पातळ पडदा असतो. जोवर तो पडदा शाबूत आहे तोवर गाठ कितीही फुगली तरी जागची हलत नाही. स्तनातल्या दूधनलिकांमध्ये कधी कधी चांगला काही सेंटीमीटर भाग बाधित असतो, पण पडदा ओलांडलेला नसेल तर त्याची स्टेज शून्य. उलट प्रकार आपल्याकडे तंबाखू-मिशरीमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये दिसतो. जिभेच्या कडेला १.८ सेंमीचा व्रण आहे. वरून पाहिलं तर किरकोळ, पण आत ७ मिमी शिरलेला. २०१८ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात ही खोलीही मोजतात, त्यामुळे हा व्रण टी-१ (मूळ गाठीची पहिली पायरी) न राहता टी-२, म्हणजे पुढची पायरी, होतो. रिपोर्ट हातात आला की लांबी-रुंदीच्या आधी खोलीचा आकडा शोधा, असं मी तर सांगेन.

"मानंत काहीच लागत नव्हतं, तरी मान का कापली?" ही तक्रारही इथलीच. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं नेमका हाच प्रश्न घेऊन अभ्यास केला आणि २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा, मानेत गाठ नाही, अशा रुग्णांचे दोन गट केले. पहिल्या गटाच्या मानेतल्या लसीकाग्रंथी मूळ ऑपरेशनमध्येच काढल्या, दुसऱ्याच्या गाठ दिसल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. हाताला न लागणारा आजारही तिथं पोचलेला असू शकतो, तो असा.

आता पसरणं. यासाठी पेशीला आपला स्वभावच बदलावा लागतो. ई-कॅडहेरिन कमी होतं, शेजारणीचा हात सुटतो, चौकोनी पेशी लांबट होऊन सरकू लागते, पडदा विरघळवणारी विकरं सोडते. ही युक्ती कॅन्सरनं शोधलेली नाही. गर्भाची घडण होताना आणि जखम भरतानाही पेशी हेच करतात, कॅन्सर फक्त ती जुनी बटणं पुन्हा दाबतो. बदल बहुतेकदा अर्धवट असतो आणि उलटतोही : नव्या जागी पोचल्यावर पेशी परत चिकट होऊन वाढायला लागते.

रक्तात उतरलेल्या पेशींपैकी बहुतेक वाटेतच मरतात. १८८९ मध्ये लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि बी कुठंही पडलं तरी मानवेल त्याच जमिनीत उगवतं, असं मांडलं. शाळूच्या रानात वाढलेल्याला हे वेगळं समजवायला नको. मामांच्या सुईचं, म्हणजे गाठीतल्या पेशी तपासायला काढतात त्या सुईचं, उत्तरही यातच आहे. चार पेशी इकडच्या तिकडं झाल्या म्हणून आजार पसरत नाही. वृषणासारख्या मोजक्या ठिकाणी सुई टाळतात, ते डॉक्टरांना ठाऊक असतं. तपासणीच्या भीतीनं घालवलेले दोन महिने मात्र खरोखर महागात पडतात.

दोन्ही कामांची भूकही निराळी असते, आणि गोंधळ सगळ्यात जास्त इथंच होतो. जर्मनीच्या ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं की कॅन्सरची पेशी ऑक्सिजन असूनही ग्लुकोज अर्धवटच जाळते आणि लॅक्टेट बाहेर टाकते. एका ग्लुकोजमागे एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे) फक्त दोन रेणू हाती लागतात, पूर्ण जाळलं तर तीसच्या आसपास. तोट्याचा धंदा वाटतो, पण नव्या पेशी बांधायचा कच्चा माल त्यातून सुटतो. कॅन्सर कुठं कुठं आहे ते दाखवणारा पेट स्कॅन ग्लुकोजच्या याच हावरेपणावर चालतो, म्हणून तर आधी उपाशी ठेवतात. (टीबीची गाठही त्यात चमकते, तेव्हा चमकलं ते सगळं कॅन्सर नव्हे.)

सुटून निघालेल्या पेशीचं दुखणं वेगळं. आधार तुटला की तिच्यावर ऑक्सिडेशनचा मारा होतो आणि तो सोसायला तिला वेगळं इंधन लागतं. बार्सिलोनाच्या संशोधकांनी माणसाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी उंदरांत वाढवल्या. ज्या पेशींवर चरबी आत ओढणारं सीडी-३६ प्रथिन जास्त, त्याच पसरत होत्या. चरबीयुक्त खाण्यानं पसरणं वाढलं आणि सीडी-३६ अडवल्यावर घटलं. मूळ गाठीच्या वाढीवर मात्र या अडवण्याचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. हे सगळं उंदरांतलं आहे, त्यावरून माणसाचं पथ्य ठरत नाही.

तरी उसाच्या या पट्ट्यात रुग्णाची साखर पहिली बंद होते, मग गूळ, मग भाकरीसुद्धा. साखर बंद केल्यानं गाठ उपाशी मरत नाही. यकृत स्वतः ग्लुकोज बनवून रक्तातली पातळी राखतं आणि वजन घटतं ते रुग्णाचं. जास्त काळजी मला वाटते ती 'ताकदीच्या' अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणाऱ्या, गोळ्यांची. २०१५ मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरचे उंदरांवरचे दोन वेगवेगळे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत अँटिऑक्सिडंटनं पसरणं वाढलं. ऑक्सिडेशनच्या ज्या माऱ्यानं भटक्या पेशी मरायच्या, तोच सौम्य झाला. आमटीतली हळद खुशाल खावी. हळदीची कॅप्सूल असो की व्हिटॅमिनची बाटली, केमो चालू असेल तर ती आधी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी.