फॉन्ट साइटवाल्याचा, डोळे आपले

लॅपटॉपवर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉन्ट मोठा केला तरी काही साइट्सवर अक्षरं बारीकच्या बारीकच का राहतात, हा प्रश्न इंदुरात आमच्या घरी अधूनमधून निघतोच, कारण काका सकाळी चहाबरोबर मराठी बातम्या स्क्रीनवर वाचतात आणि एक साइट छान मोठी दिसते तर दुसरी मुंगीच्या पायाएवढी. काकांचं म्हणणं लॅपटॉप बिघडलाय. लॅपटॉप एकदम ठणठणीत आहे.

होतं काय, की ब्राउझरमध्ये साध्या मजकुराचा मूळ आकार ठरलेला असतो, बहुतेक ठिकाणी १६ पिक्सेल, पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांचं माप. साइट बनवणाऱ्याने आकार रेम नावाच्या मापात दिला असेल, म्हणजे "वाचणाऱ्याचा जो मूळ आकार असेल त्याच्या इतके पट", तर काकांनी १६ चे २० केले की सगळा मजकूर त्याच हिशोबाने वाढतो. पण त्याने सरळ "१४ पिक्सेल" ठोकून दिलं असेल तर काकांच्या २० ला तिथे कोणी विचारत नाही. मग उरतो झूम, कंट्रोल आणि प्लस, तो पिक्सेलवाल्या अक्षरांनाही वाढवतो पण सोबत मेनू, फोटो, जाहिराती सगळंच फुगतं.

आता गंमत बघा, पानावरची अक्षरं, रंग कसे दिसावेत ते सांगणारी वेबची ही स्टाइलची भाषा, सीएसएस, मुळात या भांडणाचा विचार करूनच निघाली होती. १० ऑक्टोबर १९९४ ला होकोन विउम ली या नॉर्वेच्या माणसाने, तेव्हा तो जिनिव्हाजवळ सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत होता, पहिला प्रस्ताव मांडला आणि त्यात पान बनवणाऱ्याची पसंती आणि वाचकाची पसंती एकावर एक रचून शेवटचं रूप ठरवायचं अशी कल्पना होती. त्यात तर चक्क टक्के लिहायची सोय होती, की मथळ्याच्या आकारावर माझा आग्रह ४० टक्के, बाकी तुमचं तुम्ही बघा! ते टक्के पुढे गळाले. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती आली, त्यात दोघांनीही एखादा नियम "इम्पॉर्टंट" म्हणून लिहिला तर साइटवाल्याचं चालायचं. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे उलटं केलं, अशा वेळी वाचकाचं चालणार. माझ्या मते हा फार मोलाचा बदल होता, कारण साइटवाल्याला वाचणाऱ्याचे डोळे दिसत नाहीत.

कागदावर हक्क मिळाला, पण वापरायचा कसा? वाचकाने स्वतःची स्टाइलशीट, म्हणजे सीएसएसच्या नियमांची फाइल, जोडायची सोय क्रोमने २०१४ मध्ये काढूनच टाकली, फायरफॉक्सने २०१९ पासून ती मुळात बंद ठेवलीय, आत शिरून चालू करावी लागते. एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकून आजही जमतं म्हणा, पण काका काय सीएसएस लिहिणार आहेत का? बहुतेक लोक सेटिंगच्या वाटेला जातच नाहीत, जे समोर येतं ते वाचतात नाहीतर बंद करतात. त्यामुळे "यूजरला सगळा कंट्रोल दिलाय ना" म्हणून हात झटकणं मला पटत नाही. आधी पान न बदलता वाचता आलं पाहिजे, आणि मग ज्याला बदलायचं त्याच्या आड येऊ नये.

न बदलता वाचता येणं म्हणजे काय, याची मापं आहेत. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं, चाळिशीच्या आसपास जवळचं धूसर व्हायला लागतं, आणि वय वाढलं की फिकट करड्यातला फरकही कमी कळतो. म्हणून वेबच्या जागतिक नियमावलीत साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं प्रमाण निदान ४.५ ला १ सांगितलंय. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. डिझायनर लोकांचा लाडका करडा, ज्याचा कोड सहा वेळा ७, तो पांढऱ्यावर ४.४८ येतो, म्हणजे थोडक्यात नापास, आणि किंचित गडद ७६७६७६ घेतला की ४.५४, पास. नुसत्या डोळ्यांना या दोघांतला फरक कळतही नाही. तरी लोक याहून कितीतरी फिकट करडे वापरतात, मॉडर्न दिसतं म्हणे.

देवनागरीचं दुखणं वेगळंच. त्याच नियमावलीत आहे की वाचकाने अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर पान मोडू नये, इंग्रजीला ते ठीक, पण आपल्याकडे अक्षरं एकमेकांपासून लांब केली की शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते आणि शब्द वाचायला उलट जड जातो. आपल्याला गरज ओळींमधल्या जागेची. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, "र्कीं"च्या डोक्यावर "ट्टू"ची शेपटी आली की ओळी एकमेकींत घुसतात, आणि साइटवाल्याने बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधून ठेवली असेल तर फॉन्ट वाढवल्यावर मात्रा चक्क कापल्या जातात. आणि इथल्या मराठी माणसाला रोज दिसणारी गोष्ट म्हणजे ल आणि श. हिंदी वळण वेगळं, मराठी वेगळं, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, अक्षर एकच. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे एवढं सांगितलं की ब्राउझर मराठी ल काढतो. एवढंसं सांगायचा कंटाळा, म्हणून मराठी लेखसुद्धा हिंदी ल घेऊन बसलेले.

डार्क मोडचंही तसंच, निवड द्या, लादू नका. उजेडात पांढऱ्यावर काळं बहुतेकांना जास्त स्वच्छ दिसतं कारण बाहुली आकसलेली असते, काळ्या स्क्रीनवर ती मोठी होते आणि ज्याला सिलिंड्रिकल नंबर आहे त्याला पांढरी अक्षरं पसरट दिसू शकतात. अंधारात झोपून वाचणाऱ्याला मात्र काळंच बरं वाटतं.

सगळ्यात राग येतो तो फोनवर दोन बोटांचा झूम बंद करणाऱ्या साइट्सचा. आयफोनच्या सफारीने २०१६ पासून ही बंदी मानणंच सोडलं, अँड्रॉइडच्या क्रोममध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन जबरदस्तीने झूम चालू करता येतो. सफारीत २०१० ला आलेला रीडर मोड, जो बाकी पसारा काढून नुसता लेख दाखवतो, वाचायला झकास, पण बिल भरायचा फॉर्म किंवा रेल्वेचं टाइमटेबल त्यात उघडत नाही, आणि काकांना चष्मा शोधावा लागतो तो नेमका तिथेच.