रेडिओ आणि ऑनलाइन स्ट्रीमवरच्या जाहिरातींचा क्वालिटी कंट्रोल

रेडिओ स्टेशनवर किंवा त्याच्या ऑनलाइन स्ट्रीमवर लागणारी जाहिरात नीट ऐकू येते का, ठरल्या वेळी लागते का, नियमात बसते का, हे बघण्याच्या कामाला जाहिरातींचा क्वालिटी कंट्रोल म्हणतात. नाव एकच असलं तरी ऑन-एअर आणि स्ट्रीम ही दोन जवळपास वेगळी कामं आहेत, आणि आजकाल गोंधळ जास्त स्ट्रीमवरच होतो.

ऑन-एअरची पद्धत जुनी आणि बऱ्यापैकी बसलेली आहे. एजन्सीकडून स्पॉट, म्हणजे जाहिरातीची तयार फाइल, आला की प्रॉडक्शनवाला तो शेवटपर्यंत ऐकतो (निदान ऐकायला हवा): पहिलं अक्षर कापलं गेलंय का, तीस सेकंदांचा म्हणून आलेला खरंच तीसचा आहे का, ऑफरची तारीख उलटून गेलेलं जुनं व्हर्जन तर नाही ना. एमपीथ्री पुन्हा पुन्हा एन्कोड केलेली असेल तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. अजून एक लपलेली भानगड म्हणजे फेज, डाव्या आणि उजव्या चॅनेलच्या लाटा एकमेकींच्या उलट असल्या तर हेडफोनवर सगळं ठीक वाटतं पण मोनो रेडिओवर निवेदकाचा आवाजच गायब होतो, म्हणून मोनो बटण दाबून एकदा ऐकायचंच. मग ट्रॅफिक विभाग (जाहिरातींचं वेळापत्रक सांभाळणारा) लॉग, म्हणजे कोणती जाहिरात कधी लागणार याची यादी, लावतो आणि एकाच धंद्यातले दोन प्रतिस्पर्धी एकाच ब्रेकमध्ये शेजारी येणार नाहीत हे बघतो. मजकुराचेही नियम असतात, उदाहरणार्थ ब्रिटनच्या जाहिरात संहितेत गाडी चालवणाऱ्याला धोका होईल असे आवाज रेडिओ जाहिरातीत चालत नाहीत, आणि अमेरिकेत आपत्कालीन इशाऱ्याचा खरा टोन किंवा त्याची नक्कल जाहिरातीत वापरता येत नाही.

लाउडनेस, म्हणजे आवाज कानाला किती मोठा वाटतो, हा कायमचा वादाचा विषय. २००६ मध्ये आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने बीएस.१७७० ही मोजण्याची पद्धत आणली, त्यावर २०१० मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने आर १२८ ही शिफारस काढली आणि उणे २३ एलयूएफएस (लाउडनेस मोजायचं एकक) हा आकडा ठरवला. अमेरिकेचा २०१० चा ‘काम’ (CALM, जाहिरातींचा आवाज आवरणारा) अ‍ॅक्ट मात्र फक्त टीव्हीसाठी आहे, रेडिओला तो लागू नाही. एफएमवर तरी ट्रान्समीटरच्या आधी प्रोसेसर बसलेला असतो, तो गाणं काय नि जाहिरात काय सगळंच दाबून जवळजवळ एका पातळीला आणतो त्यामुळे फाइलमधला फरक बराचसा झाकला जातो. स्ट्रीमवर जाहिरात अनेकदा या प्रोसेसरच्या पुढच्या टप्प्यावर घुसवली जाते, मग हळू आवाजातल्या गप्पांनंतर एकदम कानठळ्या बसतात आणि तक्रार येते ती स्टेशनकडे.

स्ट्रीमवरच्या जाहिराती वेगळ्या का झाल्या यामागे पैशाचं कारणही आहे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच स्टेशनांनी काही काळ स्ट्रीमच बंद केले, कारण रेडिओ जाहिरात इंटरनेटवर वाजली की त्यातल्या कलाकारांना जादा मानधन द्यावं लागत होतं. ऑन-एअर जाहिरात झाकून तिथे दुसरी लावणं हा त्यावरचा उपाय होता. आता ऑटोमेशन सिस्टिम ब्रेक सुरू झाल्याची खूण पाठवते आणि सर्व्हर प्रत्येक श्रोत्याला वेगळी जाहिरात देतो, म्हणजे एकाच मिनिटाला दोन माणसं दोन वेगळ्या जाहिराती ऐकत असतात.

खरी अडचण इथेच सुरू होते. स्टेशनचं लॉगर (ऑन-एअर सगळं साठवून ठेवणारं यंत्र) जे रेकॉर्ड करतं ते श्रोत्याने ऐकलेलंच नसतं, त्यामुळे त्यावरून स्ट्रीम तपासणं निरर्थक आहे. खूण दोन सेकंद उशिरा गेली तर मूळ जाहिरातीचा तुकडा ऐकू येऊन मध्येच तुटतो. सर्व्हरकडे पुरेशा जाहिराती नसल्या की उरलेल्या वेळात फिलर संगीत, नाहीतर शांतता, नाहीतर तीच जाहिरात लागोपाठ तीनदा, आणि तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्या कंपनीबद्दल माणसाच्या मनात काय येत असेल ते सांगायला नको. ब्रेक लांबला तर बातम्यांचं पहिलं वाक्य खाल्लं जातं. ऑफिसातल्या स्पीकरवर यातलं काहीच कळत नाही कारण तिथे ऑन-एअर सिग्नल चालू असतो.

सायलेन्स डिटेक्टर (शांतता पसरली की कळवणारा), ऑडिओ फिंगरप्रिंटिंग (आवाजावरून स्पॉट ओळखणारं) वगैरे साधनं आहेत आणि ती लावावीतच, पण फिंगरप्रिंट फक्त स्पॉट लागला एवढंच सांगतो, तो गाण्याच्या मधोमध कसा आदळला ते त्याला कळत नाही. त्यासाठी कुणीतरी साध्या फोनवर, वेगवेगळ्या अ‍ॅपवरून, पूर्ण ब्रेक ऐकावा लागतो. हिशोबातही तोच घोळ, ऑन-एअर स्पॉट चुकला तर लॉग बघून मेक-गुड म्हणून तो पुन्हा फुकट लावतात, स्ट्रीमवर मात्र रिपोर्टमध्ये सर्व्हरने पाठवलेल्या जाहिरातींचा आकडा येतो, आणि श्रोत्याने फोनचा आवाज बंद ठेवला असला तरी ती जाहिरात त्यात मोजलेली असू शकते.