मेंदूतील रक्तस्रावातून सावरणे
मेंदूतली रक्तवाहिनी फुटून रक्त मेंदूतच साचते, त्याला मेंदूतील रक्तस्राव किंवा बोलीत ब्रेन हॅमरेज म्हणतात. वर्षानुवर्षे चढा राहिलेला रक्तदाब हे याचे नेहमीचे कारण.

रुग्ण कितपत सावरेल, हे आधी किती रक्त साचले यावर ठरते. सीटी स्कॅनवरील रक्ताच्या गाठीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणाकार निम्मा करायचा, की मिलिलिटरचा अंदाज मिळतो. 30 मिलि म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. पण कवटीत मोकळी जागा नसते, त्यामुळे तेवढेही जिवावर बेतू शकते. 2001 साली मांडलेल्या 'आयसीएच स्कोअर' या गुणपद्धतीत (आयसीएच म्हणजे मेंदूतील रक्तस्राव) साचलेल्या रक्ताच्या जोडीला शुद्धीची पातळी, मेंदूच्या पोकळ्यांत उतरलेले रक्त, लहान मेंदू किंवा मस्तिष्कस्तंभ (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ) यातला स्राव आणि 80 वा त्याहून अधिक वय धरले जाते. गुण 0 ते 6. जितके जास्त, तितका धोका मोठा.

हा आकडा 30 दिवसांतल्या मृत्यूचा अंदाज देतो. माणूस पुढे बोलेल का, चालेल का, हे तो सांगत नाही. पहिल्याच दिवशी आशा सोडून उपचार आवरते घेतले, तर वाईट भाकीत त्यामुळेच खरे ठरते. म्हणून भरतीनंतरचा दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत असा निर्णय नव्याने घेऊ नये, असे अमेरिकन मार्गदर्शक सूचना सांगतात.

सुरुवातीच्या काही तासांत गाठ वाढू शकते. त्यामुळे रक्तदाब लवकर, पण बेताने उतरवतात. रुग्ण वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असेल तर त्याचा परिणाम तातडीने उलटवतात. लहान मेंदूतल्या मोठ्या गाठीवर शस्त्रक्रिया जीव वाचवते. इतर ठिकाणी तिचा लाभ एवढा सरसकट नाही.

पुढची लढाई शुश्रूषेची. गिळण्याची तपासणी न करता पाजलेल्या घोटभर पाण्याने ठसका लागतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. उठवताना लुळा हात धरून ओढला, तर खांदा सरकून महिनोन्महिने दुखतो. फिजिओथेरपी लवकर हवी, मात्र पहिल्या 24 तासांत जोरदार हालचाल करवणे तोट्याचे ठरल्याचे 2015 च्या 'अ‍ॅव्हर्ट' चाचणीत दिसले. गाठ विरते, सूज ओसरते आणि नुसते दबलेले तंतू पुन्हा कामाला लागतात. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत अधिक असला, तरी ती नंतरही चालू राहते. या काळात नैराश्य आले तर व्यायाम सुटतो. त्यावरही उपचार लागतात. बरे वाटले म्हणून बीपीची गोळी बंद केली, की पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.