रॅम वाढवली की जुना संगणक पळू लागतो?

जुना डेस्कटॉप रखडू लागला की ‘रॅम वाढवा, पळायला लागेल’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. रॅम, म्हणजे चालू कामांची तात्पुरती मेमरी, अपुरी पडत असेल तरच ती वाढवल्याचा फायदा होतो, आणि ते विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये पाहता येते: नेहमीची कामे चालू असताना मेमरी निम्मीच भरलेली आणि डिस्क मात्र सतत 100 टक्क्यांवर असेल, तर दोष रॅमचा नाही, डिस्कचा आहे. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला विखुरलेल्या माहितीचा प्रत्येक तुकडा गाठायला सुमारे 10 मिलिसेकंद लागतात, तर एसएसडीला, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, त्याचा शंभरावा भाग पुरतो. (रॅम घ्यायचीच असेल, तर डीडीआर3 या जुन्या पिढीच्या रॅमच्या खाचेत पुढच्या पिढीची डीडीआर4 बसत नाही, हे आधी पाहावे.)

संगणक बदलण्याचे खरे कारण बहुधा वेगळेच असते. विंडोज 10चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप व पात्र प्रोसेसर, म्हणजे इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा, लागतो. त्याहून जुन्या यंत्रावर, विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरायची तयारी नसेल तर, खर्च करू नये, असे माझे मत आहे.