वारं पुढून आलं

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा माझी आत्या दापोली तालुक्यातल्या आपल्या घरात एकटी होती. वय त्र्याहत्तर. मुलगा ठाण्याला, लेक पुण्याला, आणि लॉकडाऊनमुळे दोघांनाही निघता येत नव्हतं. सगळ्यात जवळचं घर आगराच्या (नारळ-सुपारीच्या बागेच्या) पलीकडे, पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट उतरून गेल्यावर. त्या दिवशी सकाळी फोन बंद पडला तो चौथ्या दिवशी लागला. वाडीतल्या कुणीतरी तिला टेकडीवर रेंज मिळते तिथपर्यंत हाताला धरून नेलं होतं. रडणं नाही, तक्रार नाही. पहिलंच वाक्य असं होतं: “परसदारी पाटा-वरवंटा लावून ठेवला होता रे, आणि वारं आलं पुढून!”

तिचं घर पूर्वाभिमुख आहे. मागचं दार पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला. वादळ समुद्रातून येणार, म्हणजे वारा समुद्राकडून येणार, असं समजून तिने घरातलं होतं नव्हतं ते जड सामान परसदाराला लावलं. किनाऱ्यावर जन्म गेलेल्या बाईचा हा हिशेब चुकावा याचं मला फार नवल वाटलं, आणि मग लक्षात आलं की तो चुकणारच होता. तिने आयुष्यभर पाहिला होता तो मोसमी वारा, जो नैऋत्येकडून सरळ येतो. चक्रीवादळाचा वारा सरळ येत नाही.

चक्रीवादळ म्हणजे कमी दाबाच्या केंद्राभोवती फिरणारी हवा. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे केंद्राकडे धावणारी हवा बाजूला वळते, आणि उत्तर गोलार्धात हे फिरणं घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होतं. १९ व्या शतकात कोलकात्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी या वादळांना ‘सायक्लोन’ हे नाव दिलं, ते सापाच्या वेटोळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. हे वेटोळं डोळ्यांपुढे आणलं की आत्याच्या दाराचं कोडं सुटतं. वादळाचं केंद्र तिच्या नैऋत्येला, समुद्रात होतं. त्या वेटोळ्याच्या ईशान्येकडच्या कडेवर तिचं घर. तिथे हवा वायव्येकडे निघालेली असते, म्हणजे वारा आग्नेयेकडून येतो. जमिनीकडून. पुढच्या दारावर.

आत्याने आणखी एक गोष्ट केली होती, आणि त्यासाठी मी तिचा कायमचा ऋणी आहे. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ३ जूनच्या चौकोनात, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलं: ‘१० पुढून. १२ गोठ्याकडून. २ परसाकडून.’ गोठा घराच्या दक्षिणेला आहे. म्हणजे वारा आग्नेयेकडून दक्षिणेला, आणि तिथून पश्चिमेला सरकत गेला. या तीन ओळींवरून वादळाचा रस्ता काढता येतो.

१८५७ साली बाइज बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाने एक सोपा नियम मांडला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाचं केंद्र आपल्या डाव्या हाताला, थोडं पुढच्या बाजूला असतं. सकाळी दहाला आत्याने आग्नेयेकडे पाठ केली असती तर डावा हात नैऋत्येला, समुद्राकडे गेला असता. बाराला तो पश्चिमेला, आणि दोनला उत्तरेला. म्हणजे वादळ तिच्या पश्चिमेकडून वर सरकत उत्तरेला गेलं. आणि खरोखर तसंच झालं होतं. त्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रेडिओ, मोबाइल, टीव्ही सगळं मेलेलं असतानाही एकट्या माणसाला हे घरात बसून कळू शकतं, हे मला या सगळ्या विज्ञानातलं सर्वांत मोलाचं वाटतं. वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सरकत असेल, म्हणजे पूर्वेकडून दक्षिणेला आणि मग पश्चिमेला, तर आपण वादळाच्या वाटेच्या उजव्या अंगाला आहोत. उलटा सरकत असेल तर डाव्या. उजवं अंग जास्त वाईट, कारण तिथे फिरणाऱ्या वाऱ्याच्या वेगात वादळाच्या पुढे सरकण्याचा वेगही मिळतो. आणि वारा दिशा न बदलता वाढतच राहिला तर केंद्र थेट आपल्यावर येतंय. मग एकदम सारं शांत होतं. तेव्हा बाहेर पडून कौलं बघायला जाऊ नये. डोळा, म्हणजे वादळाचा मधला शांत भाग, पुढे सरकला की वारा विरुद्ध बाजूने तसाच येतो.

दिशेची एवढी चर्चा दारासाठी. घराचं छप्पर वारा ढकलून पाडतो असं आपण समजतो. बहुतेक वेळा तो ते उचलतो. आढ्यावरून, म्हणजे छपराच्या माथ्यावरून, हवा वेगाने जाते तेव्हा पलीकडच्या पाख्यावर (उतरत्या बाजूवर) दाब कमी होतो आणि छपराला वरच्या दिशेने ओढ लागते. ही ओढ कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्याशी सर्वांत जास्त असते. पडवीला तर दुहेरी मार बसतो, वरून ओढ आणि खालून रेटा. म्हणून पडवी आधी जाते. त्यात वाऱ्याच्या तोंडावरचं दार किंवा खिडकी फुटली की फुगा फुगवावा तशी घरात हवा भरते आणि छपराला आतूनही वर ढकलते. ‘दाब मोकळा व्हायला खिडक्या उघड्या ठेवाव्यात’ असं सांगणारे अजून भेटतात. ते चूक आहे. सगळं बंद ठेवायचं, आणि ज्या दारावर वारा आहे ते आधी सांभाळायचं. ते दार दुपारपर्यंत बदलतं, हे आत्याच्या कॅलेंडरवर लिहिलेलंच आहे.

आकडे पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ६० किलोमीटरला एका चौरस मीटरवर साधारण १७ किलोचा भार, आणि १२० ला ६८ किलोचा. आता कौलं मोजा. एक मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचं, चौरस मीटरला चौदा-पंधरा कौलं बसतात, म्हणजे सगळं मिळून पस्तीसेक किलो. पलीकडच्या पाख्यावरची ओढ वाऱ्याच्या दाबाच्या निम्म्याहून थोडी अधिक धरली तर तीही पस्तीस-चाळीस किलो होते. निसर्गच्या वाऱ्यात कौलांचं वजन आणि वरची ओढ जवळजवळ बरोबरीला आली होती, आणि कडेला तर ओढ सरळ जिंकत होती. म्हणून आत्याच्या घराची मधली कौलं जागेवर राहिली आणि कडेच्या ओळी गेल्या. कौलांच्या फटींतून थोडी हवा निसटते, त्यामुळे आतला दाबही काहीसा उतरतो. पत्र्याला हा फायदा नाही. त्याचं वजन चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो, सगळी भिस्त हूक बोल्टांवर, आणि एक बोल्ट सुटला की त्याचा ताण शेजारच्यांवर. म्हणून पत्रा जातो तेव्हा अख्खा जातो, आणि दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो. पत्र्यावर दगड ठेवण्यापेक्षा वासे भिंतीला आणि पत्रा वाशांना नीट बांधणं केव्हाही चांगलं. दगड घसरला तर तो खालीच येणार.

आत्या त्या चार तासांत माजघरात बसून होती. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण घरातली ती सर्वांत योग्य जागा. माजघराच्या भिंती बाहेरच्या वाऱ्याला तोंड देत नाहीत. तिच्या माजघरावर लाकडी माळा आहे, त्यामुळे कौल फुटून आत आलं तरी आधी माळ्यावर पडतं. काच नाही, उडून येणारी फांदी नाही. तिने पाटावर बसून भिंतीला पाठ लावली आणि पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

ती म्हणाली, “वाळत घालायची तार आधी गुणगुणत होती, मग किंचाळायला लागली.” हे शब्दशः खरं आहे आणि मोजताही येतं. तारेवरून वारा जाताना तिच्या मागे एकदा वरून, एकदा खालून असे हवेचे छोटे भोवरे सुटतात, आणि त्यांच्या सुटण्याच्या लयीतून स्वर निघतो. चार मिलिमीटर जाडीची तार ताशी ५४ किलोमीटरच्या वाऱ्यात सेकंदाला साधारण ७५० कंपनांचा स्वर देते, आणि १०८ च्या वाऱ्यात १५०० चा. म्हणजे बरोबर एक सप्तक वर. तारेचा स्वर एका सप्तकाने चढला तर वारा दुप्पट झाला आहे, आणि छपरावरचा भार चौपट. अंधाऱ्या माजघरात बसलेल्या बाईकडे हे वेगमापक यंत्र होतं.

घर सोडायचं की नाही, हा प्रश्न मात्र वारा सुरू होण्याआधी सुटलेला असला पाहिजे. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात उभ्या माणसाच्या अंगावर चाळीस-पंचेचाळीस किलोचा रेटा येतो. पन्नास किलोची म्हातारी बाई त्यात पाखाडी उतरू शकत नाही, आणि तिला धरायला कुणी नाही. घर मातीचं असेल, डोक्यावर जुना फणस किंवा आंबा असेल, तर आदल्या दिवशी उजेड असताना स्लॅबच्या घरात किंवा शाळेत जावं. हवामान खातं किनाऱ्याला वादळाचा इशारा किमान २४ तास आधी देतं. निसर्गच्या बाबतीत १ जूनला कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीची पायरी) झालं, २ जूनच्या दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि ३ जूनच्या दुपारी ते दारात होतं. अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचं पाणी तेव्हा ३० अंशांच्या वर तापलेलं होतं. चक्रीवादळाला २६-२७ अंश पुरतात, इथे तर इंधन ओसंडून वाहत होतं. एकट्या माणसाच्या हातात एक दिवस आहे असं धरूनच चालावं, आणि दोन माणसांची कामं त्या दिवसात शेजाऱ्याला बोलावून उरकावीत.

आता वादळानंतरचं, ज्याबद्दल बातम्यांत फार कमी येतं. चार तासांच्या वाऱ्यापेक्षा पुढचे वीस-बावीस दिवस आत्याला कठीण गेले, कारण वीज नव्हती. वीज नाही म्हणजे विहिरीत पाणी असून पाणी नाही, कारण मोटर चालत नाही. दहा वर्षांपूर्वी ‘आता कशाला’ म्हणून काढून टाकलेला रहाट तिला रोज आठवला. शेवटी दोरी आणि कळशी. विहिरीत पाला पडलेला, गोठ्याकडचं पाणी झिरपलेलं, त्यामुळे ते पाणी खळखळून उकळल्याशिवाय प्यायचं नाही, आणि लाकडं ओली. आगोटीत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, आपण भात, मीठ, मसाला, सुकी मासळी यांची बेगमी करतो. त्यात कोरड्या सरपणाचा एक भारा माळ्यावर असावा असं मला आता आग्रहाने वाटतं.

टॉवर पडलेला असताना फोन खिशात ठेवला तर तो सारखा सिग्नल शोधत राहतो आणि बॅटरी काही तासांत संपवतो. तो विमान मोडवर टाकावा आणि दिवसातून दोनदा, घरच्यांशी आधीच ठरवलेल्या वेळी, उघडावा. बोलणं होत नसेल तेव्हाही मेसेज जातो, कारण त्याला क्षणभराची जोडणी पुरते. आत्याला मधुमेह आहे आणि फ्रिज बंद. वापरायला काढलेली इन्सुलिनची बाटली बहुतेक प्रकारांत चारेक आठवडे फ्रिजबाहेर टिकते, मात्र तापमान ३० अंशांच्या खाली हवं. कोकणात जूनच्या पावसात ते जमतं, उन्हाळ्यात जमत नाही. त्यासाठी माठ आहे. मातीच्या अंगातून पाणी झिरपून त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती आतली उष्णता घेऊन जाते. रिकाम्या माठात डबी ठेवायची आणि माठ बाहेरून ओला ठेवायचा.

तुटून पडलेली विजेची तार ‘लाइटच नाही तर काय होतंय’ म्हणून कुणी ओलांडू नये. एखाद्या घरचा जनरेटर चुकीच्या जोडणीमुळे त्याच तारेत वीज सोडू शकतो, आणि मुख्य लाइन केव्हा चालू होईल हे आपल्याला कळत नाही. ओल्या जमिनीत वीज तारेपासून पसरत जाते, त्यामुळे दोन पावलांमधल्या अंतरातही धक्का बसण्याइतका फरक असतो. चुकून जवळ गेलोच तर लांब ढांगा टाकायच्या नाहीत, पाय जमिनीला घासत, पावलाला पाऊल लावून मागे सरायचं. आणि कुणी जनरेटर दिलाच तर तो पडवीत नाही, अंगणात लांब ठेवायचा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि एकट्या माणसाला झोपेतून उठवायला कुणी नसतं.

आगरातल्या सुपाऱ्यांचं सांगायचं राहिलं. नारळाचं खोड धाग्यांच्या जुड्यांचं असतं, वाऱ्यात वाकतं, झावळ्या मिटतात, म्हणून बरेच माड तरले. सुपारीचं खोड बारीक, आणि आगरात एकाला एक लागून. एक मोडली की दुसरीवर. आत्याच्या एकशेवीस सुपाऱ्यांपैकी एकोणीस राहिल्या. नव्या रोपाला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, हे तिला माहीत होतं आणि तरी तिने त्याच पावसात रोपं लावली.

यंदाच्या शाकारणीला, पावसाआधीच्या छपराच्या डागडुजीला, मी गेलो होतो. कडेच्या दोन्ही ओळींतल्या प्रत्येक कौलाला भोक पाडून जस्ताच्या तारेने रिपेला बांधून घेतलं. रहाट परत बसवला. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही दारांना आतून आडणे केले. २०२० चं ते कॅलेंडर अजून माजघरातच आहे, त्यावर नवी कॅलेंडरं चढत जातात. मी पानाचा फोटो काढायला लागलो तेव्हा आत्याने चष्मा लावून आपलंच अक्षर वाचलं आणि विचारलं, “मग बारा वाजता डावा हात कुठे म्हणालास?”