हेलिकॉप्टर वैद्यकीय पथक

मोठ्या दुर्घटनेच्या जागी डॉक्टर, पॅरामेडिक (तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी) आणि उपचारांचे साहित्य हवाई मार्गाने पोहोचवणारी आपत्कालीन सेवा. जखमींना उचलून आणणे हे तिचे सर्वांना दिसणारे काम. पण छोट्या हेलिकॉप्टरमध्ये स्ट्रेचरवरचे एक-दोनच रुग्ण मावतात. जखमी शेकड्यांनी असले की अनुभवी डॉक्टर तिथे उतरणे जास्त मोलाचे ठरते. कोणाला आधी हलवायचे, कोणत्या रुग्णालयात न्यायचे, हे तो ठरवतो. लाल, पिवळ्या, हिरव्या व काळ्या पट्ट्या बांधून जखमींची तातडीनुसार प्रतवारी केली जाते. लंडनच्या हवाई पथकाने 7 जुलै 2005 च्या बॉम्बस्फोटांत हेच काम केले. भारतात ऋषिकेशच्या एम्समध्ये 2024 साली अशी सेवा सुरू झाली.

मुंबई शहरात हेलिकॉप्टर उतरवणेच अवघड. विजेच्या तारा, उंच इमारती, गर्दी आणि पंख्याच्या झोताने उडणारे पत्रे यांमुळे मोकळे मैदान सापडले तरी ते आधी रिकामे करून घ्यावे लागते. 11 जुलै 2006 रोजी लोकलगाड्यांत 11 मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतील लोकांनीच चादरींत घालून जखमींना रुग्णालयांत नेले. इतक्या लवकर कोणतेही हवाई पथक पोहोचले नसते.

या पथकांची खरी गरज आहे ती समुद्रात. मुंबई हाय तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किमी दूर आहे. तिथे 27 जुलै 2005 रोजी एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. पावसामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हती, म्हणून त्याला क्रेनने समुद्रातल्या तेल उपशाच्या उत्तर फलाटावर चढवण्यासाठी जहाज जवळ आणले गेले. ते वायूच्या नळांवर आदळले आणि फलाट पेटला. 22 जणांचा जीव गेला. एका जखमीसाठी हवाई वाट बंद असण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे याहून स्पष्ट दाखवणारी घटना क्वचितच सापडेल.

मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळात ‘पी-305’ हा बार्ज (कामगारांच्या निवासाची सपाट तळाची नौका) अरबी समुद्रात बुडाला. त्यावरील 261 पैकी 186 जण वाचले. लाटांतून माणसे बाहेर काढली ती मुख्यतः नौदलाच्या जहाजांनी; वारा उतरल्यावर सी किंग हेलिकॉप्टर शोधात उतरली. नौदलाचा शिक्रा हा हेलिकॉप्टर तळ व अश्विनी रुग्णालय ही दोन्ही कुलाब्यात आहेत, ही मोठीच सोय.

डोंगरातही अडसर पावसाचाच. जुलै 2023 मध्ये रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. हेलिकॉप्टर सज्ज होती, पण हवामानामुळे उडू शकली नाहीत. बचाव पथके चिखलाच्या पायवाटेने चढून वर गेली.