मनगटदुखी

मनगटदुखी : पंजा आणि हात यांच्या सांध्यात किंवा त्याच्या आसपास होणारी वेदना. हा स्वतंत्र आजार नसून लक्षण आहे, म्हणून नेमके कुठे दुखते आणि कधीपासून, यावर उपचार ठरतात. मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसलेली असतात. तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर) आणि एक मोठी चेता (लोक तिला नसच म्हणतात) त्यातूनच जातात. जागा इतकी दाटीची की थोड्या सुजेनेही चेता दबते.

नागपुरात उलट्या मडक्यावर लांब रोटी करणाऱ्या बाया सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत, ताणत वाढवतात. ते काम पाहिले की मनगटावर केवढा भार येतो हे वेगळे सांगावे लागत नाही. हातमागावरचे विणकर, मिहान या नागपूरच्या उद्योगक्षेत्रात दिवसभर संगणकावर बसणारे, चादरी हाताने पिळणाऱ्या गृहिणी यांच्याही तक्रारी याच जातीच्या, पण दुखण्याची जागा प्रत्येकाची निराळी असू शकते.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते आणि करंगळी मात्र शाबूत असते, अशा वेळी बोगद्यातली चेता दबल्याचा संशय घ्यावा. गरोदरपण, मधुमेह आणि थायरॉइडची कमतरता यांत हे अधिक आढळते. अंगठ्याच्या बाजूने कळ येत असेल आणि अंगठा मुठीत धरून पंजा करंगळीकडे वाकवताच ती वाढत असेल, तर अंगठ्याच्या कंडरांचे आवरण सुजलेले असते. स्विस शल्यचिकित्सक द केर्व्हँ यांनी १८९५ मध्ये याचे वर्णन केले. तान्ह्या बाळाला सारखे उचलणाऱ्या आयांना हा त्रास विशेष होतो. ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून तो अंगावर काढला जातो, हे वाईट.

अतिवापराच्या दुखण्यात त्रास देणारे काम काही दिवस थांबवणे हा पहिला उपचार. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. बधिरपणा असल्यास रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधावा. वेदनाशामक गोळ्या थोडेच दिवस घ्याव्यात. गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचा किंवा पोटातल्या व्रणाचा त्रास असलेल्यांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आंबेहळदीचा लेप किरकोळ लचकीवर घरोघरी लावतात. त्याला हरकत नाही, हरकत आहे ती पडल्यानंतर लगेच चोळून घेण्याला.

हात टेकून पडल्यावर, विशेषतः पन्नाशीपुढच्या स्त्रियांत, मनगटाजवळचे हाड मोडते. पंजा वाकडा दिसला तर घरचेही ते ओळखतात. फसवते ती अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळगीतली दुखापत. तिथल्या नौकाकृती हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत दिसेलच असे नाही आणि रक्तपुरवठा तोकडा असल्याने ते उशिरा सांधते. उपचार चुकले तर हाडाचा तुकडा मरतो. म्हणून खळगीत दाबून दुखत असेल, तर एक्स-रे ‘ठीक’ असला तरी हात आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासतात. बांगड्या आणि अंगठ्या सूज चढण्याआधीच काढाव्यात.

वाकडेपणा, पडल्यावर हात हलवता न येणे, बोटे पांढरी किंवा थंड पडणे, तापासह लाल व गरम झालेला सांधा यांत त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तापासह सांधा सुजला तर आत पू असू शकतो. दोन आठवड्यांत न हटणारी वेदना, वाढता बधिरपणा, हातून वस्तू निसटणे, अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग सुकत जाणे, दोन्ही मनगटे सकाळी तासाहून अधिक आखडणे यांतही टाळाटाळ करू नये. आखडण्यामागे संधिवात असू शकतो, आणि चेता फार काळ दबून राहिली तर शस्त्रक्रियेने बोगदा मोकळा केल्यावरही गेलेली ताकद पुरती परतत नाही.

नागपुरात ‘मेडिकल’ (१९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो रुग्णालय आणि मिहानमधील एम्स येथे अस्थिरोग विभाग आहेत. जाताना पहिल्या दिवशीची एक्स-रे फिल्म सोबत न्यावी, म्हणजे नव्या फिल्मशी ती ताडून पाहता येते.